हाताच्या जोरावर उघडणारा फिल्टर

स्टीव्ही वंडरचं १९७३ मधलं 'हायर ग्राउंड' लावा आणि सुरुवातीला गाणं बाजूला ठेवून फक्त कीबोर्डकडे कान द्या. ते वाद्य म्हणजे क्लॅव्हिनेट. पट्टी दाबली की आत खरीखुरी तार ठोकली जाते आणि तिचा आवाज पिकअप (तारेच्या थरथरीची वीज करणारा भाग) उचलतो, त्यामुळे दिसायला कीबोर्ड असला तरी स्वभावाने तो गिटारच्या घरातला. पण प्रत्येक सूर जणू काहीतरी बोलतो: 'वाक', 'वाव', मधूनच बदकासारखं 'क्वॅक'. हे बोलणं क्लॅव्हिनेटचं नाही. ते म्यू-ट्रॉन थ्री नावाच्या एका पेडलचं, म्हणजे पायाशी ठेवायच्या, आवाज बदलणाऱ्या डबीचं आहे, आणि त्या जातीच्या पेडलला एन्व्हलप फिल्टर म्हणतात.

आपल्याकडे वा-वा पेडल बहुतेक वादकांना ठाऊक असतं. पायाखाली झुलणारी फळी असते, पंजा दाबला की आवाज उघडतो, टाच दाबली की मिटतो. ते १९६७ साली बाजारात आलं. एन्व्हलप फिल्टरमधून येणारा आवाज त्याच कुळातला, पण इथे झुलणारी फळीच नाही. पाय फक्त चालू-बंद करण्यापुरता. 'वा' किती मोठा, किती लवकर, किती उघडा, हे सगळं ठरतं तुम्ही तार किती जोरात छेडता त्यावरून. हे एवढं वाक्य नीट डोक्यात बसलं, तर या पेडलबद्दलच्या निम्म्या तक्रारी आपोआप मिटतात. ते का, हे समजायला त्याच्या पोटात शिरावं लागेल.

आधी फिल्टर. गिटारची सगळ्यांत जाड तार छेडली की ती सेकंदाला सुमारे ८२ वेळा थरथरते, पण फक्त तेवढीच नाही. तिच्याबरोबर १६५, २४७, ३३० हर्ट्झ (सेकंदाला तितक्या थरथरी) असे पटीतले वरचे अंशही वाजत असतात, अगदी काही हजार हर्ट्झपर्यंत. आपल्याला सूर एकच ऐकू येतो, पण त्याचा पोत या वरच्या अंशांवर ठरतो. फिल्टर म्हणजे त्यातले काही अंश जाऊ देणारं आणि काही अडवणारं सर्किट. अॅम्पचं ट्रेबलचं बटण हाही एक साधा फिल्टरच. ज्या जागी अडवाअडवी सुरू होते तिला कट-ऑफ म्हणतात. कट-ऑफ खाली आणला की आवाज घुमा, दबका होतो, वर नेला की उघडा आणि चरचरीत.

नुसत्या अडवण्याने मात्र 'वा' येत नाही. त्यासाठी कट-ऑफच्या अगदी जवळचा एक अरुंद पट्टा मुद्दाम फुगवावा लागतो. याला रेझोनन्स म्हणतात. आता एक प्रयोग करा, शेजारी कोणी नसेल तर बरं. एकाच सुरात, सूर अजिबात न हलवता, लांबवर 'ऊऽऽआऽऽऊ' म्हणा. गळ्यातला सूर तोच राहिला, बदलला फक्त तोंडाच्या पोकळीचा आकार, आणि त्यामुळे फुगलेले पट्टे सरकले. स्वर ओळखू यायला त्यातले दोन महत्त्वाचे असतात. 'ऊ' म्हणताना दुसरा पट्टा साधारण ८०० ते १००० हर्ट्झच्या आसपास असतो, 'ई' म्हणताना तो २००० च्या बराच वर जातो. कान स्वर ओळखतो तो या पट्ट्यांच्या जागेवरून. म्हणून एखादा ठळक पट्टा तारेच्या आवाजावरून खाली-वर फिरवला की मेंदूला वाटतं, कोणीतरी तोंड उघडलं.

तानपुऱ्याजवळ बसलेल्या माणसाला हे नवीन वाटू नये. घोडीवर, तारेखाली जवारीचा दोरा नीट बसला असेल तर एकदा छेडलेल्या तारेतून वरचे अंश एकामागून एक पुढे येतात आणि मागे सरतात. सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्येच आपल्या तंतुवाद्यांच्या या करामतीवर लिहिलं होतं. तिथे हे काम वक्र घोडी करते, पेडलमध्ये सर्किट.

यातूनच एक व्यवहाराची गोष्ट निघते. फिरणाऱ्या फिल्टरला चघळायला वरचे अंश हवेत. क्लॅव्हिनेट, अंगठ्याने ठोकत, म्हणजे स्लॅप, वाजवलेला बेस (खालच्या सुरांची गिटार), नव्या तारा लावलेली गिटार यांच्यात ते भरपूर असतात. बासरीसारख्या गोल, निखळ सुरावर हेच पेडल लावलं तर आवाज जेमतेम लहान-मोठा झाल्यासारखा वाटेल, 'वा' काही निघणार नाही.

आता एन्व्हलप. तार छेडली की आवाज एकदम उसळतो आणि मग हळूहळू विरतो. त्या चढ-उताराची नुसती बाहेरची रेघ काढली, आतली थरथर सोडून दिली, तर जे उरतं ते एन्व्हलप. प्रत्येक वाद्याची ही रेघ वेगळी. तबल्याच्या 'ना'ची उभी भिंत आणि लगेच उतार, व्हायोलिनच्या गजाची सावकाश चढण. सर्किटला ही रेघ हवी असते व्होल्टेजच्या रूपात. गिटारमधून येणारी वीज शून्याच्या वर-खाली सारखी झुलत असते. आधी खालचा अर्धा भाग उलटून वर घेतला जातो, म्हणजे सगळे झोके एकाच बाजूला येतात. मग ते एका कंडेन्सरमध्ये, म्हणजे वीज धरून ठेवणाऱ्या भागात, साठवून गुळगुळीत केले जातात. सोसायटीच्या गच्चीवरची टाकी डोळ्यांपुढे आणा: पंप पाणी धक्क्याधक्क्याने चढवतो, खालच्या नळांना मात्र सलग धार मिळते. टाकी भरते झपाट्याने आणि उपसली जाते सावकाश. टाकी फार लहान असेल तर प्रत्येक धक्का नळापर्यंत पोचतो. पेडलमध्ये त्याचा अर्थ असा, की बेसच्या खालच्या सुरांना फिल्टर प्रत्येक झोक्यागणिक थरथरतो आणि आवाज घरघरतो. टाकी फार मोठी असेल तर फिल्टर सुस्त पडतो आणि पुढचा सूर आला तरी मागचाच जोर धरून बसतो. या दोन्हींच्या मधली जागा शोधणं हेच अशा पेडलच्या रचनेतलं खरं कसब.

म्हणजे सर्किटमध्ये दोन वाटा आहेत. एका वाटेने तुमचा आवाज फिल्टरमधून जातो. दुसऱ्या वाटेने त्याच आवाजाची रेघ काढली जाते, आणि ती रेघ फिल्टरचा कट-ऑफ ढकलते. जोरात छेडलं, रेघ उंच गेली, फिल्टर उघडला. सूर विरला, रेघ खाली आली, फिल्टर मिटला.

हे 'ढकलणं' नेमकं कसं होतं, इथे जुन्या पेडलची गंमत आहे. व्होल्टेजने फिल्टर हलवायचे अनेक मार्ग आहेत. म्यू-ट्रॉन थ्रीने निवडला तो प्रकाशाचा. रेघेचं व्होल्टेज एका एलईडीला जातं. एलईडीसमोर एलडीआर, म्हणजे उजेड पडला की रेझिस्टन्स (विजेला होणारा अडथळा) कमी होणारा, कॅडमियम सल्फाइडचा एक तुकडा. सगळं काळ्या आवरणात बंद, बाहेरचा उजेड आत येऊ नये म्हणून. तुम्ही तार छेडता, आत दिवा लागतो, एलडीआरला तो दिसतो आणि फिल्टर उघडतो.

हे डोळ्यांनी बघायचं असेल तर मुंबईत इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांच्या लॅमिंग्टन रोडला जा. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण टॅक्सीवाल्यापासून दुकानदारापर्यंत कोणाच्या तोंडी ते नाव नाही. ग्रँट रोड स्टेशनवरून चालत पाच-सात मिनिटं. काउंटरवर 'पाच एमएमचा एलडीआर' मागा, पुढचं काही सांगावं लागत नाही. घरी आणून मल्टिमीटर ओहमवर ठेवा, दोन्ही टोकं एलडीआरच्या पायांना लावा आणि त्याच्यावर मुठीचा अंधार करा. आकडा काही लाख ओहमच्या पलीकडे जाईल. मोबाइलचा टॉर्च जवळ आणा: धाडकन काही शे ओहमवर. आता टॉर्च बंद करून लगेच मूठ मिटा आणि आकड्याकडे बघत राहा. तो उडी मारून वर जात नाही. आधी भराभर चढतो, मग रेंगाळत, शेवटी तर अगदी कंटाळल्यासारखा. उजेड गेल्यावरही एलडीआरला तो गेल्याचं पुरतं कळायला वेळ लागतो.

हा रेंगाळणारा आकडा म्हणजेच जुन्या एन्व्हलप फिल्टरचा गोडवा. फिल्टर पटकन उघडतो आणि मिटताना मात्र सुरुवातीला वेगाने, मग लांबण लावत मिटतो. तोंड उघडणं आणि मिटणं हेही असंच असमान असतं, म्हणून तो आवाज माणसाळलेला वाटतो. ट्रान्झिस्टर किंवा आयसीने फिल्टर हलवणारी पेडल्स जास्त चपळ असतात, स्वस्त पडतात, बिघडतातही कमी. त्यांच्यात काही वाईट नाही. फक्त त्यांना हा आळस नसतो, आणि तो मुद्दाम सर्किटमध्ये घालावा लागतो.

आकड्यांत सांगायचं तर अशा फिल्टरचा कट-ऑफ रेझिस्टन्स आणि कंडेन्सर यांच्या गुणाकाराच्या उलट चालतो. उदाहरणादाखल ४.७ नॅनोफॅराडचा कंडेन्सर घ्या. एलडीआर १ लाख ओहमवर असेल तेव्हा कट-ऑफ सुमारे ३४० हर्ट्झ. तोच उजेडाने १० हजारांवर आला की कट-ऑफ सुमारे ३४०० हर्ट्झ. रेझिस्टन्स दहापट घटला, कट-ऑफ दहापट वर, म्हणजे तीन सप्तकांहून जास्त. 'ऊ' ते 'ई'चा सगळा प्रवास यात बसतो आणि वर जागा उरते. म्यू-ट्रॉनच्या फिल्टरमध्ये असे दोन टप्पे एकापाठोपाठ आहेत आणि दोघांनी बरोबरीनेच सरकायला हवं, म्हणून एका एलईडीसमोर दोन एलडीआर बसवलेले असतात. दोघांचा स्वभाव जुळला नाही तर रेझोनन्सचा टोकदारपणा हवा तसा राहत नाही. शिवाय कॅडमियम विषारी असल्यामुळे युरोपने त्याच्यावर निर्बंध घातले, आणि असे तयार जोड मिळणं अवघड झालं. जुन्या पेडलच्या किमती चढण्यामागे नुसती हौस नाही, हेही एक कारण आहे.

या पेडलचा जन्म थोडा अपघातानेच झाला. माइक बायगल हा तरुण इंजिनिअर गिल्ड या गिटार कंपनीसाठी सिंथेसायझर तयार करत होता. १९७२ च्या मे महिन्यात गिल्डचे संस्थापक अल्फ्रेड ड्रॉन्ज विमान अपघातात गेले आणि सिंथेसायझर बारगळला. गिल्डमध्येच काम केलेला एरन न्यूमन आणि बायगल यांनी मिळून न्यू जर्सीत म्यूझिट्रॉनिक्स ही कंपनी काढली आणि त्या सिंथेसायझरमधला फिल्टरचा तुकडा वेगळा काढून पेडलमध्ये घातला. सिंथेसायझरसाठी केलेला फिल्टर गिटारवाल्याच्या पायाशी येऊन बसला तो असा. पुढे बूट्सी कॉलिन्सने तो बेसवर वापरला, ग्रेटफुल डेडच्या जेरी गार्सियाने गिटारवर. सत्तरच्या दशकाच्या शेवटी धंदा एआरपी या सिंथेसायझर कंपनीकडे गेला आणि १९८१ मध्ये एआरपीच बुडाली. नव्वदच्या दशकात बायगलनेच इलेक्ट्रो-हार्मोनिक्स या पेडल कंपनीसाठी क्यू-ट्रॉन हा एन्व्हलप फिल्टर तयार करून दिला. त्याचे भाऊबंद आजही नवेकोरे मिळतात.

मुंबईशी या कुळाचं थेट नसलं तरी चुलत नातं आहे. सिनेसंगीतात वाजवणारे चरणजीत सिंग यांनी १९८२ मध्ये इथेच रागांचा एक इलेक्ट्रॉनिक अल्बम केला. त्यात रोलंडचं टीबी-३०३ हे बेसचं यंत्र आहे. त्यातही फिल्टर, रेझोनन्स आणि एन्व्हलप तिन्ही आहेत, आवाजही तसाच चिवचिवत उघडतो. फरक एकच आणि तो मोठा: तिथे एन्व्हलप यंत्र स्वतः तयार करतं. प्रत्येक सुराला ठरलेली रेघ, फार तर एखाद्या सुरावर जोर. पेडलमध्ये ती रेघ तुमच्या बोटातून येते. म्हणून यंत्राचा 'वा' सुरामागून सूर सारखाच येतो, पेडलचा मात्र सहसा दोनदा तसाच येत नाही.

म्यू-ट्रॉन थ्रीवरची बटणं मोजकी आहेत. मोडमध्ये लो-पास, बँड-पास, हाय-पास असे तीन पर्याय, म्हणजे अनुक्रमे खालचे, मधल्या पट्ट्यातले आणि वरचे अंश जाऊ देणारे. बेसवाल्याने लो-पासवरच राहावं, कारण खालचा जाडपणा टिकतो. बँड-पासमध्ये स्वर सगळ्यांत स्पष्ट उमटतो आणि हाय-पास मला तरी पातळ वाटतो. रेंज म्हणजे फिल्टर कुठल्या पट्टीत फिरावा, खालच्या की वरच्या. पीक म्हणजे रेझोनन्स. ड्राइव्हचा खटका 'अप'वर असेल तर जोर लावल्यावर फिल्टर उघडतो. 'डाउन'वर उलटं: छेडताच मिटतो आणि सूर विरता विरता वर येतो. बेसवर हा उलटा प्रकार फार छान लागतो, आणि बरेचजण तो कधी लावूनच बघत नाहीत.

राहिलं गेन, म्हणजे आत येणारा सिग्नल किती वाढवायचा ते, आणि सगळा घोळ तिथेच होतो.

दादरला एका सरावाच्या खोलीत मागे एक मुलगा बेस घेऊन आला होता. हात दणकट, बेसही आत बॅटरी असलेला, म्हणजे मुळातच जोरकस सिग्नलचा. पेडल चालू केलं की आवाज नुसता चरचरीत, 'वा' नावालाही नाही. "काका, हे बिघडलंय, परत द्यावं लागेल," तो अॅम्पवाल्या काकांना म्हणाला. काकांनी पेडलला हातही लावला नाही. "बिघडलं नाही रे, तू ठोकतोयस. बेसचा व्हॉल्यूम अर्ध्यावर आण आणि हळू वाजव." त्याने आणला. पुढच्याच सुराला 'वाव' निघाला, आणि मग त्या पोराला थांबवणं मुश्कील झालं.

काय झालं होतं ते आता उघड आहे. सिग्नल इतका मोठा होता, की हळू वाजवलं तरी फिल्टर टोकापर्यंत उघडत होता आणि तिथेच राहत होता. हलायला जागाच नव्हती. गेन लावायची पद्धत अशी: नेहमीच्या जोरात वाजवताना फिल्टर अर्धामुर्धा उघडावा, आणि ठेवणीतला फटका मारला तरच पूर्ण. जुन्या म्यू-ट्रॉनमध्ये गेन वाढवलं की संवेदनशीलतेबरोबर आवाजही वाढतो, त्यामुळे हा तोल आणखी नाजूक.

याच कारणाने हे पेडल रांगेत शक्यतो सगळ्यांत पहिलं ठेवतात. त्याच्या आधी कॉम्प्रेसर नावाचं पेडल लावलं तर तो हळू-जोरातला फरकच सपाट करतो, आणि त्या फरकावरच तर सगळं चाललंय. डिस्टॉर्शनचं, म्हणजे आवाज मुद्दाम फाडणाऱ्या पेडलचंही तेच. फझ हा त्यातलाच एक प्रकार आधी लावला तर चघळायला वरचे अंश भरपूर मिळतात हे खरं, पण फिल्टर उघडाच राहतो. मला फझ नंतर ठेवलेला आवडतो.

गणपतीच्या मिरवणुकीतल्या बेंजोला हे पेडल लावलं तर? बुलबुलतरंगाला पिकअप बसवलेलं ते वाद्य पिकने वाजतं आणि वरच्या अंशांची त्यात रेलचेल, म्हणजे कागदावर अगदी योग्य उमेदवार. अडचण वाजवण्याच्या ढंगात आहे. बेंजोवाला सूर लांबवण्यासाठी पिक सलग चालवतो. दोन फटक्यांच्या मध्ये रेघ खाली यायला उसंतच नाही, त्यामुळे फिल्टर उघडतो तो उघडाच. सुटे सुटे तोडलेले सूर घेतले, किंवा खटका 'डाउन'वर टाकून वाक्याच्या शेवटी हात थांबवला, तर मात्र मजा येईल.

आता जुनं पेडल विकत घ्यावं का? आवाजासाठी घेत असाल तर माझं मत 'नको'. एलडीआरवर चालणारी नवी पेडल्स मिळतात, आणि बँड वाजत असताना फरक ओळखणारा कान विरळा. वस्तूचं प्रेम असेल तर घ्या, पण काही गोष्टी बघून. म्यू-ट्रॉन थ्री नऊ व्होल्टच्या दोन बॅटऱ्यांवर चालतं, कारण त्याला शून्याच्या वर आणि खाली दोन्हीकडे व्होल्टेज लागतं. नेहमीचा नऊ व्होल्टचा एकेरी अडॅप्टर त्याला चालत नाही. अमेरिकेतून आलेला मूळचा पॉवर सप्लाय १२० व्होल्टचा असतो. तो आपल्या २३० व्होल्टच्या सॉकेटमध्ये थेट घातला तर त्याचं आयुष्य तिथेच संपेल. मध्ये स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर हवाच.

बॅटरीचं झाकण उघडून बघा. वर्षानुवर्षं विसरलेली बॅटरी गळली असेल तर क्लिपवर हिरवट-पांढरी पूड दिसते, आणि ती वायरच्या आवरणाखाली बरीच आत शिरलेली असू शकते. समुद्राकाठच्या या हवेत जॅक आणि नॉबही ऑक्सिडाइज होतात. नॉब फिरवताना करकर आली तर घाबरू नका, कॉन्टॅक्ट क्लीनरने बहुतेकदा भागतं. भागत नाही ते काळ्या आवरणातल्या जोडाचं. म्हणून विकणाऱ्याकडे आतला फोटो मागा आणि तो जोड मूळचा आहे की नंतर कोणी एलईडी आणि एलडीआर चिकटवून बसवलाय ते बघा. बदललेला असला म्हणून पेडल टाकाऊ ठरत नाही, पण मूळ जोडाची किंमत मात्र त्यासाठी मोजू नये. शेवटी गिटार लावा, एकच सूर आधी अगदी हळू, मग जरा जोरात, मग पूर्ण ताकदीने छेडा. तिन्ही वेळा फिल्टर वेगवेगळ्या उंचीवर गेला तर घासाघीस सुरू करायला हरकत नाही.